उचल घेतलेल्या माणसाचे मन

धर्मापुरीत दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच गाव रिकामे होऊ लागते. केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरावरची शिल्पे पाहायला आलेल्या पाहुण्याच्या ते लक्षात येत नाही. शाळेच्या हजेरीपटाच्या येते. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॉल्यांत संसार भरून निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखान्याचे बोलावणे असेल तिकडे. मी या परिसरात पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. पट्टा पडल्यावर, म्हणजे चैत्राच्या सुमारास, परत आलेल्या मुलांच्या प्रगतिपत्रकावर मी एकच शेरा लिहीत असे : ‘अभ्यासात लक्ष नाही.’ मानसशास्त्रात एम.ए. केलेला मी एकटाच शिक्षक होतो, तेव्हा शेऱ्याला वजनही होते.

त्या शेऱ्याची आठवण मला 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने करून दिली. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या 54 गावांतील 464 ऊस उत्पादकांची बुद्धिचाचणी घेतली. तोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर. तोच शेतकरी तोडणीपूर्वी चाचणीत मागे पडत होता. निष्कर्ष असा, की गरिबी माणसाची बुद्धी कमी करत नाही, ती अडवून ठेवते. डोक्यात हिशेब चालू असला की बाकीच्या विचाराला जागा उरत नाही. ‘गरिबाला अक्कल नसते म्हणून तो गरीब’ या आपल्याकडच्या लाडक्या समजुतीला इतके सरळ उत्तर मी तोवर वाचले नव्हते. मला तो निबंध आवडला, आजही आवडतो. म्हणूनच त्याच्याशी भांडावेसे वाटते.

हा प्रयोग जमला तो एका सोयीमुळे. ऊस केव्हा तुटायचा हे शेतकरी ठरवत नाही, कारखाना ठरवतो. एकाच्या हाती पैसा आज येतो, शेजाऱ्याच्या दोन महिन्यांनी. त्यामुळे ऋतू, सण, हवामान यांचा परिणाम बाजूला काढता आला. युक्ती सुरेखच आहे. पण ती तारीख प्रत्यक्षात आणणारा कोयता त्या निबंधात कुठेच नाही. उसाच्या अर्थकारणातला सर्वांत तंगीतला माणूस, तंगीच्या मानसशास्त्राला, फडातच उभा असून दिसला नाही.

आणि तो दिसला असता तर सिद्धांताची घडी थोडी विस्कटली असती. उत्पादकाला पैसा कामानंतर मिळतो; तोडणाऱ्याला कामाआधी. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल देतो, एका कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून, आणि पुढचे पाच-सहा महिने ती अंगावर फेडायची. हंगामाअखेर फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. म्हणजे हातात रोकड असलेला दिवस हाच कर्जाचाही पहिला दिवस. एका जुन्या विद्यार्थ्याला मी विचारले, उचल आल्यावर जीव हलका होतो का रे? तो म्हणाला, “उचल हातात आली की झोप जाती, गुरुजी. फिटली की येती.” खिशातला पैसा मोजून मनावरचा भार कळत नाही, हे त्याने एका वाक्यात सांगितले. तो पैसा कोणाच्या नावाने आधीच बांधलेला आहे, हेही मोजावे लागते.

संशोधकांच्या जगातही या निबंधाला धक्के बसलेच. त्याच निबंधातल्या अमेरिकेतील मॉलमधल्या प्रयोगांच्या आकडेमोडीवर त्याच वर्षी आक्षेप आला. पुढे 2021 साली तंगीच्या मानसशास्त्रावरचे 20 प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, त्यांपैकी फक्त 4 प्रयोगांत मूळ परिणाम ठळकपणे दिसला. हे वाचून काही मित्रांनी सिद्धांतच फेकून द्यायला सांगितले. मला ती घाई वाटते. कागदी तंगी तासाभरासाठी कल्पनेत उभी करणे आणि सहा महिने कोपीत राहणे यांत फरक आहे. पहिली जमली नाही म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. मात्र तिचा पुरावा फडातूनच यायला हवा.

‘हे लोक उद्याचा विचार करत नाहीत’ हे वाक्य तर आपल्या शिक्षक-दालनांत रोज ऐकू येते. त्याला शास्त्राचा आधार म्हणून वॉल्टर मिशेल यांचा मार्शमेलोचा प्रयोग सांगितला जातो : जे मूल समोरचा गोड पदार्थ न खाता थांबते, ते पुढे यशस्वी होते. पण सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी रोचेस्टर विद्यापीठात 28 मुलांवर केलेला प्रयोग मात्र कोणी सांगत नाही. तिथे काही मुलांना मोठ्या माणसाने आधी चित्रकलेचे छान साहित्य आणून देतो म्हणून सांगितले आणि आणले नाही. मग मार्शमेलो पुढे ठेवला. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी 12 मिनिटे थांबली. फसवलेली 3 मिनिटे. संयम म्हणजे केवळ स्वभाव नव्हे. समोरच्याच्या शब्दावरचा तो अंदाजही आहे. पावसाचा, भावाचा, मुकादमाच्या हिशेबाचा भरवसा नसलेल्या घराने आज मिळणारी उचल घेतली, तर तिला अविचार कसे म्हणायचे?

बायकांच्या बाबतीत हा ‘अविचार’ शब्द जास्तच क्रूर होतो. 2019 साली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून बीड जिल्हा गाजला. तेव्हाच्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. चर्चा मुख्यतः अज्ञानाची झाली. पण फडात न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, आणि गरोदरपणाची व कॅन्सरची भीती घालणारे कोणी भेटले, तर त्या बाईने केलेला हिशेब भयंकर असला तरी चुकीच्या बेरजेचा नाही. चुकीचे आकडे तिच्यापुढे मांडले गेले होते.

मानसिक आरोग्याच्या योजनांकडे मी या नजरेने पाहू लागलो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलायला शिकवले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. विदर्भात, आत्महत्यांच्या छायेत, हे मोठेच काम. पण त्याचा पाया ‘गाव जागेवर असते’ हा आहे. आमचे गाव सहा महिने जागेवर नसते. कार्यकर्ती धर्मापुरीत आणि रुग्ण सांगलीच्या फडात, अशी स्थिती असेल तर बोलणार कोणाशी?

शिवाय प्रश्नावलीचे काय? नैराश्य तपासायला जगभर वापरली जाणारी 9 प्रश्नांची प्रश्नावली मी गेल्या वैशाखात एका ओळखीच्या बाईंना वाचून दाखवली. तपासणी म्हणून नव्हे, शब्द कळतात का हे पाहायला. गेल्या 2 आठवड्यांत झोपेचा त्रास, थकवा, भूक न लागणे... हंगामात यांतल्या तीन-चार प्रश्नांना ‘रोज’ असे उत्तर न देणारी तोडकरीण सापडणे कठीण. गुणांची बेरीज तिला आजारी ठरवील, आणि खरी आजारी असलेली त्याच गर्दीत हरवून जाईल. मी झोपेचा प्रश्न वाचला. बाई वाढे बांधायच्या दोरीचा गुंता सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “झोप लागती की. पण रात्री दोनला गाडी भरायला आल्यावर झोपू कोण देतंय?”

मी पुढचा प्रश्न वाचला नाही. त्यांची धाकटी नात शेजारी पाढे म्हणत होती. तिचे प्रगतिपत्रक मी मागून पाहिले. शेरा दुसऱ्या कोणाच्या अक्षरात होता, पण शब्द माझेच होते.