पालकाआधीचा पॉपाय

आमच्या घरी पालकाची भाजी पॉपायच्या नावावर खपवली जायची. त्यामुळे ई. सी. सीगरच्या मूळ कॉमिक स्ट्रिप्स वाचायला घेतल्या तेव्हा मी पालकाची वाट बघत बसलो. तो काही येईचना.

सीगरची ‘थिंबल थिएटर’ ही मालिका न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात १९१९ साली सुरू झाली. ऑलिव्ह ऑइल, तिचा भाऊ कॅस्टर आणि प्रियकर हॅम ग्रेव्ही ही त्यातली मंडळी. पॉपाय आला थेट १७ जानेवारी १९२९ला. कॅस्टरला जुगाराच्या बेटावर जायचं होतं, जहाजावर खलाशी हवा होता, म्हणून. सफरीपुरतंच पात्र, पण वाचकांच्या आग्रहामुळे सीगरला ते परत आणावं लागलं. बिचारा हॅम ग्रेव्ही घरी बसला.

त्या पहिल्याच गोष्टीत पॉपायला गोळ्या लागतात. कॅस्टरकडे एक जादूची कोंबडी आहे. तिला कुरवाळलं की नशीब उजळतं. रक्तबंबाळ पॉपाय तिला कुरवाळत राहतो, जगतो, आणि मग गोळ्या घालणाऱ्याला बडवतो. एका डोळ्याचा, मोडकंतोडकं बोलणारा, मार खाऊनही उभा राहणारा माणूस. माझ्या लेखी खरा पॉपाय हाच. पालक स्ट्रिपमध्ये नंतर आला, तोही अधूनमधून.

१९३३मध्ये फ्लायशर स्टुडिओने त्याला पडद्यावर आणलं आणि पालकाचा नियमच झाला. सहा-सात मिनिटांत गोष्ट संपवायची असते. डबा उघडला की काम झालं. तरी या फिल्म्स मला आवडतात, त्या त्यातल्या पुटपुटण्यामुळे. चित्रं आधी व्हायची, आवाज नंतर. त्यामुळे जॅक मर्सर ओठ हलत नसतानाही मनाला येईल ते बडबडायचा. सीगरचा तिरसट खलाशी तेवढ्या बडबडीत शिल्लक राहिला.

चाळीसच्या दशकात त्याच्या अंगावर नौदलाचा पांढरा गणवेश चढला. पुढे ब्लूटो, ऑलिव्हची किंकाळी, डबा, ठोसा. १९६०पासून टीव्हीसाठी दोनेक वर्षांत २२० कार्टून्स काढली. एकच फंक्शन, फक्त इनपुट बदललेले.

१ जानेवारी २०२५ला १९२९चा पॉपाय अमेरिकेत कॉपीराइटमुक्त झाला. त्याच वर्षी त्याला खुनी करणारे भयपट आले. म्हणजे पुन्हा नुसती ताकदच. कोंबडी तर १९२८ची, ती वर्षभर आधीच मोकळी झाली होती. तिच्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.