चिमणराव बडोद्यास आलेच नाहीत

नव्या वाहिनीचा प्रारंभ म्हटला की दीपप्रज्वलन होते, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकतात. ती वाहिनी कोणाच्या घरी लागली व कोणाच्या घरी लागली नाही, याची वार्ता मात्र कोठेही छापून येत नाही. वाहिन्यांचे परीक्षण करणारे आम्ही लेखकही बहुधा कार्यक्रमांविषयी लिहितो, त्यांच्या पोहोचण्याविषयी लिहीत नाही. हा प्रमाद आमच्याही हातून घडला आहे. म्हणून आज दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे पाहणाराच्या घराकडून, आरंभ करतो.

आमचे घर बडोद्यास दांडिया बाजारात. या शहराचा व मराठी विनोदाचा संबंध वाचकांस ठाऊक असेलच. चिं. वि. जोशी हे येथील महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते, पुढे संस्थानच्या दफ्तरखान्याचे प्रमुख झाले आणि जुनी कागदपत्रे चाळता चाळता त्यांनी महाराष्ट्राला चिमणराव व गुंड्याभाऊ दिले. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ही जोडी त्या केंद्रावरून घरोघरी नेली. घरोघरी म्हणजे मुंबई-पुण्याच्या घरोघरी. ज्या गावात चिमणराव जन्मले, त्या गावच्या छपरांवरील आकडे कितीही उंच केले तरी मुंबईच्या लहरी तेथवर पोहोचणे शक्य नव्हते. आमच्या वडील मंडळींनी ती मालिका मुंबईच्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकली. आम्हांस तिचे दोनचार भाग पाहावयास मिळाले ते केस पांढरे होऊ लागल्यावर.

पुढे 15 ऑगस्ट 1982 रोजी रंग आले आणि त्यांच्यासमवेत दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. ज्या इन्सॅट-1ए उपग्रहाच्या भरवशावर हा थाट होता, तो त्याच वर्षी सप्टेंबरात निकामी झाला. कार्यक्रम मात्र टिकला. त्याने देशास एक पडदा दिला हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या पडद्यावर राष्ट्राची भाषा एक आणि राज्याची भाषा एक, एवढाच हिशेब होता. बडोद्याच्या मराठी घरात राष्ट्र हिंदीत येई, राज्य गुजरातीत येई. दोन्ही भाषा आम्हांस आपल्याच वाटतात. तथापि आमची आजी ज्या भाषेत देवाशी भांडत असे, ती भाषा त्या पेटीतून कधी निघत नसे.

दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी 15 ऑगस्ट 1994 रोजी सुरू झाली, तेव्हा ही अडचण आकाशमार्गे सुटावयास हवी होती. आकाशात ती सुटलीही. गल्लीत सुटली नाही. तारेची जोडणी देणाऱ्या गृहस्थांस आमच्या आळीतील दहाबारा घरांनी अर्ज दिला, तेव्हा त्यांनी सरळ विचारले, "पाहणार किती?" आम्हांस राग आला खरा; पण पुढे वकिली करू लागल्यावर कळले की त्यांस जाब विचारण्याजोगा कायदाच नव्हता. केबलविषयक कायद्याच्या कलम 8 मध्ये 2000 साली दुरुस्ती झाली व दूरदर्शनच्या दोन वाहिन्यांबरोबर राज्याची एक प्रादेशिक भाषेतील वाहिनी दाखविणे बंधनकारक झाले. 2011 साली हे कलम बदलले जाईपर्यंत इंग्रजी पाठात 'राज्य' या शब्दामागे अनिश्चित उपपद होते; कोणते राज्य, हे सांगितलेले नव्हते. पण गुजरातेतील व्यावसायिक त्या जागी गुजराती वाहिनीच बसविणार होता, आणि त्यात त्याचा दोष नव्हता.

त्याच वर्षी, 5 एप्रिल रोजी, मराठी वाहिनीचे 'सह्याद्री' असे नामकरण झाले. नाव सुरेख आहे. मात्र ते धारण करणाराने पर्वताचा नकाशा पाहिलेला दिसत नाही. सह्याद्री गुजरातच्या सीमेपासून गोवा व कर्नाटक ओलांडून केरळापर्यंत जातो. वाहिनीचा सह्याद्री मंत्रालयाभोवती फिरतो. आम्ही ही वाहिनी आवडीने पाहतो. तिच्या बातम्यांत आरडाओरड नाही. 'आमची माती, आमची माणसं'सारखा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालविण्याची चिकाटी तिच्यापाशी आहे. पण तिची माती राज्याच्या सीमेवर संपते आणि माणसेही तेथेच संपतात. बडोदे, इंदूर, बेळगाव तिच्यावर आलेच तर पाहुण्यांसारखे येतात. खासगी वाहिन्यांविषयी बोलावयास नको. जाहिरातदारास बडोद्याचा मराठी ग्राहक गुजरातीतही गाठता येतो.

येथे आमच्या कोंकणी वाचकांचेही गाऱ्हाणे आहे. कोंकणी 1992 मध्ये आठव्या परिशिष्टात आली, पण मंगळूर वा कोचीचा कोंकणी माणूस पणजीच्या केंद्राच्या दृष्टीने परराज्यातलाच. सिंधी भाषकांना तर राज्यच नाही. त्यांच्या एका संस्थेने चोवीस तासांची सिंधी वाहिनी मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 च्या मे महिन्यात ती याचिका फेटाळली आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. भाषकांची संख्या थोडी, पूर्ण वाहिनी परवडणार नाही, असे प्रसार भारतीचे म्हणणे होते. निकाल कटू असला तरी वाहिनी चालविण्याचा खर्च न्यायालयाने ठरवू नये, हे आम्हांस मान्य आहे. मात्र त्याच प्रकरणात प्रसार भारतीने सांगितले की गिरनार, राजस्थान व सह्याद्री या वाहिन्यांवर सिंधी कार्यक्रम दाखविले जातात. आमच्या दृष्टीने सगळा मुद्दा या उत्तरात आहे.

प्रसार भारतीच्या 1990 च्या कायद्याचे कलम 12 वाचावे. प्रत्येक राज्यात 'त्या राज्याच्या भाषांतून' प्रादेशिक प्रसारण उपलब्ध व्हावे, असे ते सांगते. शब्द 'भाषा' असा आहे, 'राजभाषा' असा नाही. आणि तो अनेकवचनी आहे. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली मराठी ही गुजरातची एक भाषा नव्हे, असा युक्तिवाद कोणी आमच्यासमोर करून दाखवावा. हाच अर्थ मंगळुरातील कोंकणीसही लागू पडतो.

तेव्हा बडोद्यासाठी आम्ही नवी वाहिनी मागत नाही, नवे दीपप्रज्वलनही नको. गिरनार वाहिनीवर आठवड्यातून अर्धा तास मराठी असावे, आणि सह्याद्रीने महिन्यातून एकदा तरी आपला छायाचित्रक सीमेपलीकडे पाठवावा. अहमदाबादेहून बडोदे दोन तासांच्या वाटेवर आहे. पहिल्या भागास विषय हवा असेल तर चिं. वि. जोशी जेथे बसत तो दफ्तरखाना आहे, आणि आमच्या आळीत चिमणरावांवर बोलू शकतील अशी वडीलधारी माणसे अजून आहेत.