न मागितलेला त्याग

ख्रिस्ती शिष्यत्वाची किंमत बहुधा ज्याने पाऊल उचलले तोच सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात ती सांगते त्याची बायको, आणि म्हणूनच मला या पुस्तकाइतके खरे पुस्तक या विषयावर दुसरे वाटत नाही.

त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सोडले ते त्यांनी स्वतःहून, समजून सोडले. लक्ष्मीबाईंचे मात्र न विचारता सुटले. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायची सोय नाही. सुमारे पाच वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढली, त्यातली काही पंढरपुरात. आयुष्याच्या या भागावर दुसऱ्या कुणी अश्रूंचा पूर लोटला असता. लक्ष्मीबाई रडल्याचेही सांगतात, पण लगेच घरातल्या माणसांच्या बोलण्याकडे, आपल्या लहानग्या मुलाकडे, दत्तूकडे, प्रवासातल्या एखाद्या गमतीकडे वळतात. त्या हसवतात आणि हसता हसता आपल्याला कळते की या बाईचे सगळे गेले आहे.

पुस्तकाच्या सुरुवातीचे सोवळे इथे आठवावे. नाशिकजवळच्या जलालपूरचे त्यांचे माहेर. आजोबांना सत्तावनच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की सारे घर त्यात भरडून निघाले. ती पाने विनोदी म्हणून वाचली जातात, आणि आहेतही. पण पुढे टिळकांकडे परतल्यावरही लक्ष्मीबाई आपले स्वयंपाकपाणी वेगळे ठेवतात, तेव्हा त्या वेगळ्या चुलीमागे केवढे बालपण उभे आहे ते वाचकाला आधीच ठाऊक असते. एवढा दूरचा टाका लेखिकेने जराही दाखवून न देता घातला आहे.

मग त्या जातीचा विचार करू लागतात: देवाने केल्या की माणसाने? उत्तर त्या स्वतःच काढतात, आणि यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे ठरवतात. आधी जात गेली, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. टिळकांचा विश्वास त्यांच्यावर लादला गेला नाही. नवऱ्याच्या निर्णयाची किंमत मोजून झाल्यावर त्या आपल्या स्वतंत्र निर्णयापर्यंत आपल्याच पायांनी आल्या.

टिळकांवर रागवायला वाचकाजवळ भरपूर कारणे आहेत. न सांगता निघून जाणे, हातातले वाटून मोकळे होणे, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यासी वृत्तीने 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा करायला निघणे. प्रत्येक वेळी झळ संसाराला. तरी लक्ष्मीबाईंच्या लेखणीतले टिळक तापट, भोळे, उदार आणि विलक्षण लोभसच राहतात. यात क्षमेचा आव नाही. माणूस पुरता ओळखलेला असला की त्याचे लहान मुलासारखे हट्ट आणि त्याचे मोठेपण एकाच वाक्यात मावते. लक्ष्मीबाईंच्या वाक्यात ते मावले आहे.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ज्या धर्मापायी एकदा घर मोडले, त्याच्या प्रभूचे ते चरित्र लक्ष्मीबाईंनी ओवी-ओवीने पुढे नेले. त्यातले बहुसंख्य अध्याय त्यांचे आहेत.