‘दिवास्वप्न’च्या वर्गाबाहेर

गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ मी पहिल्यांदा पुण्यात, ऑफिसच्या बसमध्ये, मोबाईलवर वाचलं आणि भारावून गेलो. दुसऱ्यांदा वाचलं ते वसमतजवळच्या आमच्या गावी, हळद काढणी चालू असताना. त्या वेळी पुस्तकाशी भांडण झालं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ पुस्तक गुजराती. एक मास्तर शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि त्याची पुरती फजिती होते. मग तो गोष्टी सांगायला लागतो आणि वर्ग त्याचा होतो. पुढे खेळ, भटकंती, नाटक, वाचनालय. इतर शिक्षक नाकं मुरडतात, पालक कुरकुरतात, पण वर्षाअखेरी मुलं बदललेली दिसतात.

मला यातली सर्वांत खरी वाटते ती पहिल्या दिवसाची फजिती. शिक्षणावर लिहिणारी माणसं स्वतःची फजिती सहसा सांगत नाहीत. गिजुभाई पेशाने वकील. 1920 साली त्यांनी भावनगरात बालमंदिर सुरू केलं. लहान मुलं आपला बेत कसा उधळून लावतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं, आणि तो अनुभव पानापानावर दिसतो. खेळ म्हणजे अभ्यासावर लावलेला गूळ, असं हे पुस्तक कुठेच मानत नाही.

नेमका तो गूळ लावायचं काम मी करतो. आमच्या कंपनीच्या एका ॲपमध्ये मुलं लाल फळं लाल टोपलीत आणि पिवळी पिवळ्या टोपलीत टाकतात. बरोबर आलं की स्टार मिळतो. ते स्टारचं फीचर मी लिहिलंय. माझी चार वर्षांची भाची ते खेळते, पण तिची नजर फळांवर कमी आणि स्टारवर जास्त असते. नेट गेलं, स्टार दिसेनासे झाले, की फोन बाजूला.

गावी ती हळदीच्या ढिगाशेजारी बसली होती. जाडजूड गड्डे एकीकडे, बोटांसारखी हळकुंडं दुसरीकडे. कुणी सांगितलं नव्हतं. एक गड्डा असा निघाला की त्याला हळकुंड चिकटलेलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने तिसरा ढीग सुरू केला. आमच्या ॲपमध्ये तिसरी टोपलीच नाही.

इथेच लेख संपवता आला असता. पण त्याच ढिगापाशी एक मजूर बाई हळद निवडत होती. तिची सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मधूनमधून तीही गड्डे वेगळे करायची. हातातलं काम तेच, पण भाची कंटाळली तेव्हा उठून गेली आणि त्या मुलीला उठता आलं नाही. वार शाळेचा होता.

‘दिवास्वप्न’शी माझं भांडण हे आहे. मुलं वर्गात येऊन बसली आहेत, इथून ते पुस्तक सुरू होतं. ती यावीत म्हणून काय करावं लागतं, हा त्याचा प्रश्नच नाही. एक कल्पक मास्तर, एक भला अधिकारी आणि एक वर्ष, एवढ्यावर स्वप्न उभं आहे.

भावनगरात गिजुभाईंसोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हा प्रश्न हाती घेतला. 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, म्हणजे धाकट्याला सांभाळणारी ताई त्याला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकेल. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया आल्या.

खेळातून शिक्षण म्हटलं की आपण साधनांबद्दल बोलतो. मलाही आधी तिसरी टोपलीच सुचली होती. कोसबाडने आधी मुलाचे हात मोकळे केले, मग त्यात शिंपले दिले. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्दातलं अंगण मात्र आपण विसरलो. आता अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खिचडी आणि वजनकाटा आठवतो.

‘दिवास्वप्न’ जरूर वाचा, मुलांना गोष्ट कशी सांगावी हे त्याच्याइतकं कुणी शिकवत नाही. फक्त वाचताना वर्गाच्या दारापाशी कडेवर भाऊ घेतलेली एक मुलगी उभी करा. गोष्ट तिला ऐकू येईल, पण मास्तर तिला आत बोलावेल का, आणि बोलावलं तर भावाला कुठे ठेवेल, याचं उत्तर मला त्या पुस्तकात दोनदा वाचूनही सापडलं नाही.