दातात जपलेले खोरे

१९९१च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर, ३,२१० मीटर उंचीवरच्या बर्फात एक प्रेत सापडले. ते पाच हजार वर्षांहून जुने निघाले आणि ओट्झटालच्या डोंगरांवरून त्याला ‘ओट्झी’ हे नाव मिळाले. त्याच्या खांद्यात रुतलेल्या बाणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र वोल्फगांग म्युलर आणि सहकाऱ्यांचा २००३ साली ‘सायन्स’मध्ये आलेला छोटेखानी शोधनिबंध पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. हा माणूस कुठला, एवढाच त्यातला प्रश्न. उत्तरापर्यंत पोचण्याची रीत मात्र सावकाश पाहावी अशी आहे.

आधी साक्षीदारांची निवड पाहा. दाताचे एनॅमल लहानपणी घडते आणि पुढे तसेच राहते. हाड आयुष्यभर झिजते, भरते, त्यामुळे ते शेवटच्या दहा-वीस वर्षांबद्दल बोलते. आतड्यातले अन्न तर मरणाच्या आदल्या काही तासांचे. एकाच देहातून बालपण, प्रौढपण आणि अखेरची वेळ वेगवेगळी विचारता येते, हे ज्याला सुचले त्याची अर्धी लढाई तिथेच जिंकली गेली.

पहिला सवाल ऑक्सिजनला. ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेले पाणी पावसातून आधी गळून पडते, म्हणून ढग जितका लांबून येतो तितका त्याचा पाऊस हलका. आल्प्सच्या उत्तर उतारावर अटलांटिकचे थकलेले ढग येतात, दक्षिणेला जवळच्या भूमध्य समुद्राचे. माणूस पितो त्या पाण्याचा हा फरक दातात उतरतो. ओट्झीचे एनॅमल दक्षिणेच्या बाजूने बोलले. तो सापडला अगदी पाणलोटाच्या धारेवर, आणि त्याच धारेने त्याची बाजू ठरवली. ही जुळणी मला फार सुंदर वाटते.

दक्षिणेकडे दऱ्याखोरी पुष्कळ, म्हणून पुढे स्ट्रॉन्शियम. खडकातले रुबिडियम अतिशय सावकाश क्षय पावून स्ट्रॉन्शियम-८७ होते. खडक जितका जुना आणि रुबिडियम जितके जास्त, तितके स्ट्रॉन्शियम-८६च्या तुलनेत त्याचे प्रमाण वाढते. खडकातून माती, मातीतून धान्य, धान्यातून दात असा प्रवास करताना हे प्रमाण जवळजवळ बदलत नाही. त्या परिसरात बेसाल्टचा आकडा साधारण ०.७०५ ते ०.७०८, चुनखडीचा ०.७१०पर्यंत, इतर ज्वालामुखीजन्य खडकांचा ०.७१८च्या आसपास, आणि फिलाइट-नाइसचा ०.७२०च्या वर. सगळा खेळ दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरात! एनॅमलचा आकडा शेवटच्या गटात बसला. बेसाल्ट गेला, चुनखडी गेली, आणि बालपणाचे ठिकाण म्हणून आयझॅक नदीचे खोरे सर्वांत संभवनीय ठरले. हाडांचे आकडे एनॅमलशी जुळत नाहीत, म्हणजे मोठेपणी त्याचा मुक्काम हलला होता. लेखक ‘हाच गाव’ म्हणून बोट ठेवत नाहीत, एकेक खडक नाकारत जातात. समस्थानिके ‘इथला नाही’ हे ‘इथलाच’पेक्षा जास्त ठामपणे सांगतात, याचे भान त्यांनी कुठेही सोडलेले नाही.

माझ्या मते निबंधाचा कळस मात्र अभ्रकात आहे. आतड्यात पांढऱ्या अभ्रकाचे बारीक कण मिळाले. जात्याला नवी टाकी लावली की पहिल्या पिठात कच येते, हे जाते वापरलेल्या घरांत ठाऊक असते. ओट्झीच्या पोटात एकदाणी गहू होता आणि दगडावर दळताना हे कण त्यात आले असावेत. दुसरा कोणी असता तर ते धुऊन फेकून दिले असते. इथे त्यांतला आर्गॉन मोजून कणांची भूवैज्ञानिक वये काढली आणि ती आसपासच्या खडकांच्या वयांशी ताडून पाहिली. जुळणी खालच्या फिन्शगाऊ खोऱ्याशी झाली. सगळे पुरावे एकत्र केल्यावर त्याचे आयुष्य सापडल्या जागेपासून सुमारे ६० किलोमीटरच्या आत मावले.

त्याच्या कुऱ्हाडीचे पाते मात्र या परिघात मावत नाही. ते जवळजवळ शुद्ध तांब्याचे आहे, आणि तांब्यात शिशाचा अंश असतोच. धातू वितळवून ओतला तरी शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण ढळत नाही, म्हणून खनिजाचा ठसा पात्यात टिकतो. २०१७ साली जिल्बेर्तो आर्तिओली आणि सहकाऱ्यांनी तो वाचला. आल्प्समध्ये तांबे असूनही हे तांबे निघाले शेकडो किलोमीटर दक्षिणेच्या तोस्कानातले. ते तिथून घडीव पाते म्हणून आले की नुसता धातू, आणि किती हातांतून आले, हे शिशाचे आकडे सांगत नाहीत. ओट्झी स्वतः तोस्कानात गेला होता, असे तर त्यांवरून मुळीच म्हणता येत नाही.