परंपरा रंकाळ्याची की पडद्यांची?

कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात वर्षभरात कधीही जावं, भिंतीवर काय असेल हे आत पाऊल टाकण्याआधीच सांगता येतं. संध्यामठासह रंकाळा तलाव, घाटाच्या पायऱ्या आणि पुढे पंचगंगा, धुक्यातला पन्हाळा, जोतिबाच्या गुलालात माखलेल्या सासनकाठ्या, आणि या सगळ्यांच्या जोडीला पटका बांधलेला, सुरकुतल्या चेहऱ्याचा एक म्हातारा. काम वाईट नसतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. वॉश कुठं सोडायचा, कागदाचा पांढरा कुठं राखायचा, पाण्यातलं प्रतिबिंब किती फटकाऱ्यांत मोडायचं, हे विशी-पंचविशीतल्या मुलांना इतकं नेमकं जमतं की कौतुक करावंच लागतं. पण खालच्या सह्या झाकल्या तर दहा चित्रांचे दहा चित्रकार वेगळे काढून दाखवणं त्यांच्या शिक्षकांनाही जड जाईल. त्यात भर प्रात्यक्षिकांची. स्टुलावर मॉडेल, भोवती मोबाइल उंचावलेली गर्दी, तासाभरात पोर्ट्रेट, टाळ्या, संध्याकाळी रील. उद्घाटनाच्या भाषणात या सगळ्याला ‘नवोदित प्रतिभा’ म्हणतात. हे नवोदित वयाने तरुण आहेत. चित्राने मात्र साठी उलटलेले.

याबद्दल कुणी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं असतं: ही कोल्हापूरची परंपरा आहे, आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांची. तेव्हा ती परंपरा नेमकी काय होती ते एकदा तपासूनच घेऊ. आबालाल मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, शाहू महाराजांच्या दरबारात चित्रकार म्हणून राहिले आणि कोटितीर्थाच्या काठी आयुष्य काढून १९३१मध्ये गेले. त्यांनी रंकाळा काढला तेव्हा रंकाळा हा चित्राचा विषय नव्हता. दरबारी चित्रकाराने महाराजांची छबी काढावी, शिकारीचा प्रसंग काढावा, ही अपेक्षा. आणि हा माणूस मालकी कुणाचीच नसलेल्या पाण्यावरचा सकाळचा उजेड टिपत बसला. साहेबाच्या शाळेत मिळालेलं जलरंगाचं तंत्र त्यांनी स्वतःच्या गावच्या उन्हाला जुंपलं, हे त्यांचं धाडस. आज तोच काठ, तीच वेळ आणि तोच कोन निवडणारा चित्रकार आबालालांचा विषय उचलतो, धाडस तिथेच ठेवून येतो. शिवाय हा रंकाळा आता तो रंकाळाही नाही. सांडपाण्याने आणि जलपर्णीने त्याचं काय झालं हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. चित्रात मात्र पाणी अजून आबालालांच्या काळातलं आहे. डोळ्यांसमोरचं जसंच्या तसं काढण्याचा ज्यांचा दावा, त्यांच्याच चित्रात समोरचं पाणी दिसू नये, याला वास्तववाद कसा म्हणायचं?

बाबूराव पेंटरांचं नाव घेणाऱ्यांची पंचाईत तर याहून मोठी आहे. सुतारकाम, धातुकाम करणाऱ्या मेस्त्री घराण्यातले आनंदराव आणि बाबूराव हे दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नावारूपाला आले. पडदा हे काही दिवाणखान्यात टांगायचं चित्र नव्हे. तो शेवटच्या रांगेतून दिसावा लागतो, गॅसच्या दिव्यात उठावा लागतो, गुंडाळून पुढच्या मुक्कामाला न्यावा लागतो. चित्राला काम असतं, प्रेक्षक असतो आणि त्या प्रेक्षकासाठी चित्रकाराला दरवेळी नवी युक्ती लढवावी लागते, हे या दोघांना पडद्यांनी शिकवलं. म्हणूनच सिनेमा आला तेव्हा त्यांनी नाक मुरडलं नाही. १९१६मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी हाताने कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ आणला. १९२४च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर भारतीय सिनेपोस्टरांच्या इतिहासात आजही सुरुवातीलाच दाखवलं जातं. आणि १९२५चा ‘सावकारी पाश’: देवादिकांचे, राजेरजवाड्यांचे देखावे उभे करण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्या माणसाने कॅमेरा वळवला तो सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्याच्या दाराकडे. शिवाजी चौकात ब्रिटिश गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याच्या जागी आलेला शिवरायांचा अर्धपुतळाही त्यांच्याच हातचा. हातात मिळेल ते साधन घ्यायचं, ते आपलंसं करायचं आणि आपल्या माणसांबद्दल बोलायचं, ही कोल्हापूरची परंपरा. तिच्यात रंकाळा येतो, पण एक विषय म्हणून.

या परंपरेची पुढची पिढीही तासाभराच्या प्रात्यक्षिकांत घडली नाही. दामले-फत्तेलाल बाबूरावांच्या हाताखालून निघाले आणि १९२९मध्ये याच शहरात ‘प्रभात’ उभी राहिली. जी. कांबळे सिनेमाच्या जाहिराती रंगवत मोठे झाले. महाराष्ट्र शासनाने अधिकृत मानलेलं शिवरायांचं चित्र ज्या हाताने काढलं, तो हात बॅनरवर तयार झालेला होता. १९२७मध्ये कोल्हापुरात जन्मलेले वसंत सरवटे तर शिक्षणाने आणि नोकरीने इंजिनिअर. पण त्यांच्या रेषेने मराठी मध्यमवर्गाच्या चालण्याबोलण्याची, पोटांची, पिशव्यांची आणि खोट्या प्रतिष्ठेची जी दप्तरी नोंद ठेवली, तेवढी त्यांच्या काळच्या कुठल्याही तैलचित्रात सापडत नाही. आपल्या समीक्षेने पोस्टर, मुखपृष्ठ, कथाचित्र यांना ‘उपयोजित’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं आणि निसर्गचित्राला ‘ललित’ म्हणून पुढे आणलं. त्याचीच फळं आज भिंतीवर टांगलेली आहेत. डिजिटल फलकांनी हाताने बोर्ड रंगवणाऱ्यांचा धंदा बसवला, तेव्हा एक अख्खी चित्रशाळा शहरातून उठली. पण ललितवाल्यांना त्याचं सुतक नव्हतं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा शहर हळहळलं, ते योग्यच. पण पडद्यांचा वारसा वास्तूत असतो तसा वृत्तीतही असतो, आणि वृत्ती त्या आगीच्या कितीतरी आधी विझत आली होती.

ती वृत्ती आज शोधायची तर जरा लांब बघावं लागतं. चंद्रपूरकडच्या सास्ती गावचा प्रभाकर पाचपुते हे पहिलं उदाहरण. घर खाणकामगारांचं, शेतं कोळशाच्या खाणीने गिळलेली. त्याने चित्रासाठी काय घेतलं? कोळसाच. चारकोलने तो अख्ख्या भिंती रेखाटतो: डोक्याच्या जागी दिवा आलेला मजूर, निम्मं यंत्र झालेलं जनावर, आतून पोखरलेली टेकडी. त्याची रेषा शाळेत गिरवलेली आहे, हे पायांच्या ठेवणीतून आणि पाठीच्या बाकातून लगेच कळतं. पण तिला आता सांगण्यासारखं काही सापडलेलं आहे. शिवाय यातली बरीच भित्तिचित्रं प्रदर्शन संपलं की पुसली जातात. खणून काढलेल्या कोळशासारखंच त्या चित्राचंही मागे काही उरत नाही, आणि विषयाशी इतकं इमान राखणारं माध्यम दुसरं सुचत नाही. वेल्समधला ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार २०२१मध्ये सहा जणांत विभागून दिला गेला. त्यांतला एक पाचपुते होता. मुंबईच्या अमोल पाटीलच्या घरात आजोबांचा पोवाडा आणि वडिलांचं नाटक. तो चाळीतल्या खोल्यांचं, सफाई कामगारांच्या शरीरांचं आणि ती शरीरं झाकणाऱ्या धुळीचं काम करतो, कधी रेखाटनात तर कधी हलत्या वस्तूंत. २०२२च्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात ते जगाने पाहिलं. विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीतली गर्दी रंगवतो, आणि त्याच्या गर्दीतल्या प्रत्येकाला चेहरा असतो. मोर्चा रंगवणाऱ्या कितीतरी चित्रकारांना हे साधलेलं नाही. आणि प्रभाकर कांबळे तर आपल्याच जिल्ह्यातला. मातीची मडकी, दोर, गावगाड्यातली श्रमाची साधनं घेऊन त्याने रचलेली ‘उतरंड’ जातीच्या रचनेबद्दल बोलते, ती भाषण न करता. वरच्या मडक्याचा भार खालच्यावर पडतो, हे बघणाऱ्याच्या डोळ्यांना आपसूक कळतं. २०२२च्या बर्लिन द्वैवार्षिकीत त्याची दखल घेतली गेली. आपल्याकडे मात्र ‘हे चित्र आहे का?’ इथेच चर्चा अडते. पडदे रंगवणाऱ्या माणसाने कॅमेरा घडवला, तेव्हाही हा प्रश्न विचारता आला असता.

कथाचित्रकारांतही हीच वृत्ती सापडते. जळगावकडचे राजू बाविस्कर हे त्याचं चांगलं उदाहरण. ‘काळ्यानिळ्या रेषा’ या आत्मकथनात ते ज्या माणसांबद्दल लिहितात, तीच माणसं त्यांच्या रेखाटनांत भेटतात, आणि लेखन व रेषा एकमेकांची री ओढत नाहीत. दिवाळी अंकांची पानं, मुलांची पुस्तकं आणि टॅब्लेटचा पडदा यांवर आज जी तरुण मुलं-मुली रेखाटतायत, त्यांतली काही या वाटेवर आहेत. त्यांच्या चित्रांतला एसटी स्टँड ओळखू येतो, स्वयंपाकघरातली बाई कॅलेंडरातली वाटत नाही. बाकीच्यांबद्दल फार लिहायचं कारण नाही. तीन पट्टे आणि एक ठिपका काढून त्याला ‘अंतर्यात्रा’ म्हणणारे अमूर्तवाले मुंबईची उष्टी काढतायत. फोटोला लाजवतील असे शिवराय रंगवणाऱ्यांनी फोटोला लाजवलं एवढंच केलं. वारलीची नक्कल कपबशांवर करणारे दुकानदार आहेत. आणि यंत्राला चार शब्द सांगून काढून घेतलेली चित्रं ही कुणाचीच नाहीत. त्यांनी घाबरावं ते ज्यांची चित्रं आधीपासूनच कुणाचीच नव्हती त्यांनी.

यावर पहिला आक्षेप हातावरच्या तयारीचा. दळवीज आणि कलानिकेतन या कलाशाळांनी पिढ्यान्‌पिढ्या हात घडवले. हेडस्टडी आणि स्थळचित्रण बंद केलं तर उरेल ते नुसतं घोषणांचं रंगकाम, असं म्हटलं जातं. पण बंद करा असं म्हणतंय कोण? पाचपुतेचा खाणकामगार शरीररचनेच्या अभ्यासाशिवाय उभा राहिला नसता. प्रश्न इतकाच की रियाज कधी थांबतो आणि मैफल कधी सुरू होते. आपल्याकडे रियाजालाच तिकीट लावलंय. दुसरा आक्षेप पोटाचा: रंकाळा विकला जातो, उतरंड कोण घेणार? आक्षेप खरा आहे आणि चित्रकाराला उपाशी राहायला सांगण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. मात्र आनंदराव-बाबूरावही पोटासाठीच रंगवत होते. त्यांनी गिऱ्हाइकाच्या आवडीचीच नक्कल आयुष्यभर केली असती, तर कोल्हापूरला ना कॅमेरा मिळाला असता ना कंपनी. शिवाय त्यांच्या मागे दरबाराची, नाटक मंडळ्यांची जाण उभी होती. आजचा आश्रयदाता म्हणजे उद्घाटनाला येणारा पाहुणा आणि दिवाणखान्याला शोभेल असं मागणारा बंगलेवाला. बाजार असा असेल तर दोष बाजाराला द्यावा. त्याला परंपरेचं सोवळं नेसवू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत चतुर आहे: तुम्हाला चित्र नको, विषय हवाय, कामगार, जात, पूर असं काही दिसलं की तुम्ही खूश. तसं असतं तर दरवर्षी निघणारी पूरग्रस्तांची कणव-चित्रं मला आवडायला हवी होती. २०१९ आणि २०२१च्या महापुरांनंतर पाण्यात बुडालेली घरं आणि हात पसरलेली आई यांची चित्रं पुष्कळ निघाली. त्यांतली बहुतेक रंकाळ्याच्याच वॉशमध्ये रंगवलेली होती, फक्त पाणी जरा गढूळ. विषय बदलला, नजर तीच राहिली. मी जो कल उचलून धरतोय त्यात विषयामुळे साधन बदलतं: कोळशाच्या गावाला कोळसा, गावगाड्याला मडकं. कोल्हापूरला असं काय कमी आहे? शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ओतला जाणारा धातू आहे, इचलकरंजीच्या मागांचं सूत आहे, गुऱ्हाळाची काहिली आणि ऊसतोडणीचा कोयता आहे, कुंभार गल्लीतली शाडू आहे. यांतल्या एकाही वस्तूला स्थळचित्राची चौकट पुरत नाही, म्हणून आपण त्यांच्याकडे पाहायचंच टाळतो. चौकटीच्या सोयीने जग निवडणं, हा कौशल्याचा नव्हे, भित्रेपणाचा पुरावा आहे.

तेव्हा आता आडपडदा नको. ज्या संस्था नवोदितांना बक्षिसं देतात, त्यांनी निदान काही वर्षं घाट, तळं आणि पटकेवाले म्हातारे स्पर्धेतून वगळावेत. प्रात्यक्षिकं वर्गात व्हावीत आणि व्यासपीठावर चित्रकाराने आपल्या कामाबद्दल बोलावं, लोकांनी त्याला उलट प्रश्न विचारावेत. कथाचित्र, पोस्टर, भित्तिचित्र आणि मांडणशिल्प यांना राज्य प्रदर्शनांपासून गल्लीतल्या स्पर्धेपर्यंत मुख्य भिंत मिळावी. जिल्ह्यातल्या चित्रकाराची बर्लिनने घेतलेली दखल वर्तमानपत्रात वाचून अभिमान मिरवण्याऐवजी त्याचं काम इथे मांडून त्याच्याशी भांडावं. भांडणसुद्धा दाद असते, आणि हारतुऱ्यांपेक्षा ती चित्रकाराच्या जास्त कामी येते. हे कुणाला कडवट वाटेल. पण शंभर वर्षांपूर्वी या शहराने देशाला दाखवून दिलं होतं की गावात बसून नव्या काळाचं माध्यम घडवता येतं. त्या शहरातल्या तरुणाला आज आपण काय सांगतो? रंकाळा नीट काढ, बक्षीस मिळेल. बाबूरावांच्या नावाने हार घालणाऱ्यांनी एकदा ठरवावं: आपल्याला त्यांचे वारस हवेत की त्यांचे पुजारी? पुजारी कितीही झाले तरी नवा कॅमेरा घडत नाही.