गव्हाण आणि कोप : ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा अर्थविचार

डिसेंबरच्या उत्तरार्धात वसईच्या ख्रिस्ती वस्त्यांतून, गोव्याच्या गावांतून आणि मराठवाड्यातील चर्चच्या आवारांतून गवताने शाकारलेला एक लहानसा गोठा उभा राहतो. आत गव्हाणीत बालक, जवळ मरिया व योसेफ, मागे बैल व गाढव, एका अंगाला मेंढपाळ आणि दुसऱ्या अंगाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष. या रचनेची गणना सामान्यतः आराशीत केली जात असल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष तिच्याकडे सहसा वळत नाही. वस्तुतः हा देखावा म्हणजे ग्रंथवचनावर केलेले दृश्य भाष्य होय. म्हणून भाष्याला लावावयाची कसोटी त्यालाही लावली पाहिजे : त्याने मूळ अर्थ उजळला की झाकला?

प्रथम मूळ पाहू. लूकच्या शुभवर्तमानात बालकाला गव्हाणीत ठेवल्याचा उल्लेख आहे व त्याचे कारणही दिले आहे : उतरण्याच्या ठिकाणी त्या कुटुंबाला जागा मिळाली नाही. मेंढपाळ लूककडून येतात; ज्ञानी पुरुष मत्तयाकडून. मत्तय त्यांची संख्या सांगत नाही, आणि ते गोठ्यात नव्हे तर घरात आल्याचे सांगतो. बैल व गाढव यांचा तर दोघांपैकी एकाच्याही जन्मकथेत उल्लेख नाही. धन्याची गव्हाण ओळखणाऱ्या पशूंविषयी यशयाच्या पहिल्या अध्यायात जे वचन आहे, त्याच्या आधारे ते या प्रसंगात आले. चौथ्या शतकातील शवपेटिकांवरील शिल्पांत ते कोरलेले दिसतात. तात्पर्य, या देखाव्यात निरनिराळ्या ग्रंथांतील अंशांचा समाहार झालेला आहे. भिन्न काळी व भिन्न ठिकाणी घडलेले प्रसंग येथे एका छपराखाली एकत्र येतात. ऐतिहासिक दृष्टीने हा दोष ठरेल. परंतु भाष्य या दृष्टीने पाहता, ज्यांना जगात जागा नाही त्यांच्याभोवती सारे जग गोळा होते, हा अर्थ त्यातूनच निष्पन्न होतो.

या देखाव्याच्या परंपरेचा आरंभ सामान्यतः असिसीच्या संत फ्रान्सिसपाशी नेला जातो. इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी 1223 च्या नाताळात त्याने गव्हाण मांडविली, तीत गवत घालविले आणि बैल व गाढव आणवून उपासना घडवून आणली. चेलानोच्या थॉमसने 1228–29 च्या सुमारास लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग येतो. त्यात मरिया-योसेफांच्या मूर्तींचा उल्लेख नाही. होते ते खरे गवत, खरी जनावरे आणि शुभवर्तमानाचे गायन. ते गवत पुढे जपून ठेवले गेले व आजारी जनावरांना चारले गेले, असेही चरित्रकार सांगतो. अर्थात् ग्रेच्चोचा भर शोभेवर नव्हता. जन्मसमयीची उणीव प्रत्यक्ष डोळ्यांना दिसावी, हा तेथील हेतू होता.

पुढील इतिहास मूर्तींच्या वाढीचा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस आर्नोल्फो दी कांबियो याने रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चसाठी या प्रसंगाच्या संगमरवरी मूर्ती घडविल्या. अठराव्या शतकात नेपल्स येथे या देखाव्यात भाजीवाले, खाटीक, खानावळी असा सारा बाजार अवतरला. ख्रिस्ताचा जन्म आपल्याच गल्लीत झाला, असे नेपल्सच्या कारागिराला म्हणावयाचे होते, आणि ते त्याने समर्थपणे म्हटले. परंतु गर्दी वाढत गेली की गव्हाण शोधावी लागते, ही या समृद्धीची दुसरी बाजू होय.

मराठीत हा जन्म प्रथम विस्ताराने आला तो मूर्तींतून नव्हे, ओवीतून. 1579 मध्ये गोव्यास आलेले इंग्लिश जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दोन भागांत विभागलेल्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे चर्चमध्ये वाचन होत असे. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजासाठी ते रचले गेले. मात्र पोर्तुगीज अमलाखाली त्या समाजाचे पूर्वीचे ग्रंथ नष्ट करण्यात आले होते, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. बळाने निर्माण केलेल्या पोकळीत हे काव्य उभे राहिले. आणि तरीही ओवी, पुराण व वैकुंठासारखे शब्द यांच्या योगाने ते परके राहिले नाही. देशी रूप हे बाहेरून चढविलेले वस्त्र नसून अर्थग्रहणाचे साधन असते, हे त्यातून सिद्ध होते.

देखाव्याच्या बाबतीतही हेच दिसते. गोव्यात व कोकणपट्टीत गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी गहू, नाचणी किंवा भात काही दिवस आधी पेरून रुजविण्याची चाल आहे. तुळजापूरच्या परिसरात वाढलेल्या वाचकाला येथे घटस्थापनेचे धान्य आठवेल. गोकुळाष्टमीला मांडले जाणारे मातीचे गोकुळही फार दूरचे नाही. अशा साम्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एवढे मात्र खरे की, रुजते धान्य आणि मातीची गाय यांची भाषा या भूमीला शिकवावी लागत नाही.

लातूर, धाराशिव व नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्षातील दर्श वेळ अमावस्येला, म्हणजे ‘येळवशी’ला, शेतात कडब्याची कोप घालतात. तीत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा होते. आंबील, भज्जी व खीर यांचे जेवण आल्यागेल्याला आग्रहाने वाढले जाते. हा सण नाताळाच्या आगेमागेच येतो. 2019 मध्ये तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होता. गवताचे छप्पर, आतली मांडणी आणि उघड्या रानातील जागा एवढे साम्य उघड आहे. परंतु येथे भेदच अधिक बोलका ठरतो. येळवशीचा शेतकरी आपखुशीने घर सोडून रानात येतो आणि त्याच्या कोपीवरून कोणी विन्मुख जात नाही. बेथलेहेमचे कुटुंब जागेअभावी गव्हाणीपाशी येते. एकीकडे यजमानाचे आतिथ्य आहे, तर दुसरीकडे नाकारलेल्या पाहुण्याची व्यथा.

मराठवाड्यात मांडल्या जाणाऱ्या गव्हाणीला या भेदातूनच तिचा अर्थ सापडू शकतो. छपरावर कापसाचा बर्फ पसरणे हे परक्या चित्राचे अनुकरण होय. त्याने बेथलेहेमही जवळ येत नाही आणि लातूरही. कडब्याचे छप्पर अधिक बोलते, ते केवळ स्थानिक म्हणून नव्हे. ज्या प्रदेशात दुष्काळात चाऱ्यासाठी छावण्यांची वाट धरावी लागते, तेथे रिकाम्या गव्हाणीचा अर्थ टीकाकाराने सांगण्याची आवश्यकता नसते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीच्या परिसरात असंख्य कुटुंबांना तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागले. घर नसणे म्हणजे काय, हेही या भूमीने अनुभवले आहे.

म्हणून देखाव्याचे मूल्य त्यातील मूर्तींच्या संख्येवर किंवा रोषणाईवर ठरत नाही, आणि केवळ देशी साहित्य वापरल्यानेही ते सिद्ध होत नाही. दारात आलेल्याला जागा मिळाली नाही, हे मूळ वचन पाहणाऱ्याला आठवले पाहिजे. ते आठवते तोवर ही परंपरा जिवंत आहे; ते विसरले की उरते ती आरास.